तंबोरा कोण जुळवणार?

निकालाचे दिवस आले की दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत पेढ्यांच्या दुकानांत गर्दी उसळते. पेढा हातावर ठेवताना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'टक्के किती?' आणि दुसरा, 'आता पुढे काय?' पहिल्याचे उत्तर मूल स्वतः देते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा शेजारी उभी असलेली आई देते, किंवा वडील देतात. मूल पेढ्याच्या पुडक्याकडे पाहत उभे राहते. गेली वीस वर्षे शाळेत संगीत शिकवीत असल्याने हा देखावा मी दरसाल पाहत आलो आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यात मला काही वावगेही वाटत नव्हते. मग एका दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला, आणि तेव्हापासून हे पेढे मला पूर्वीसारखे गोड लागलेले नाहीत.

मुलगा गुणी. दहावीला उत्तम गुण, बारावीलाही तसेच. माझ्या वर्गात तर तो सतत पहिला. संगीताच्या परीक्षा त्याने एकामागून एक चांगल्या श्रेणीत दिल्या होत्या. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, परगावी वसतिगृहात राहू लागला. फराळाचे ताट समोर ठेवले तरी तो काही बोलेना. शेवटी म्हणाला, "सर, एक सांगू? रागावू नका." मी म्हटले, "बोल." त्याच्या महाविद्यालयात सांस्कृतिक मंडळाच्या खोलीत एक जुना तंबोरा होता. हा गातो हे कळल्यावर मुलांनी तो खोळीतून काढून त्याच्यासमोर ठेवला. याने खुंटी पिळली, ती घसरली. पुन्हा पिळली, तार कर्कश चढली. अर्धा तास गेला. शेवटी त्याने तंबोरा पुन्हा खोळीत घातला आणि 'घसा बसला आहे' असे सांगून वेळ मारून नेली. "सर, तुम्ही मला इतके राग शिकवलेत," तो म्हणाला, "पण तंबोरा जुळवायला कधी शिकवलाच नाहीत."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमच्या शाळेत संगीताचा तास पस्तीस मिनिटांचा. वर्गात चाळीस मुले. त्यातली पहिली पाच मिनिटे स्थिरस्थावर होण्यात जातात. अशा वेळी मुलांसमोर तंबोरा जुळवीत बसणे म्हणजे तास वाया घालवणे, असे मला वाटे. म्हणून मी मधल्या सुट्टीतच तो लावून ठेवी. मुले येत, सुरात लागलेल्या तंबोऱ्यापुढे बसत, मी सांगेन ते म्हणत, आणि परीक्षेत उत्तीर्ण होत. परीक्षेतही तंबोरा लावून ठेवलेलाच असे. शाळेच्या दहा वर्षांत त्या मुलावर तो स्वतः जुळवण्याची पाळी एकदाही आली नाही. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी जवळ नव्हतो. चूक माझी होती, आणि ती आळसापोटी झालेली नव्हती, तर पोर्शन वेळेवर संपवण्याच्या कर्तव्यबुद्धीतून झालेली होती. म्हणूनच ती अधिक गंभीर आहे असे मी मानतो.

ज्यांच्या घरी गाणे नाही अशा वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. तंबोऱ्याला चार तारा. मधल्या दोन जोडीच्या, त्या गाणाऱ्याच्या षड्जात लावायच्या, शेवटची खर्जाची, पहिली बहुधा पंचमाची. पण मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तेथे ती मध्यमात उतरवावी लागते. म्हणजे काय गायचे आहे हे आधी ठाऊक हवे. खुंटीने तार साधारण जागेवर आणायची, घोडीखालच्या मण्याने बारीक फरक काढायचा, आणि घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी खुलवायची. पावसाळ्यात लाकूड फुगते, खुंट्या अडतात. उन्हाळ्यात त्या घसरतात. सगळे नीट जमले की खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला, गांधार आपोआप ऐकू येऊ लागतो. तो ऐकू आला की समजावे, लागला. हे सांगणारा कोणी परीक्षक नसतो. आपलाच कान आपल्याला सांगतो. हल्ली मुले मोबाईलमधला तंबोरा लावून रियाज करतात. सोय मोठी आहे, मीही वापरतो. पण तो कधी बेसूर होत नाही, आणि म्हणून मुलाला तेवढ्यापुरते काही शिकवीतही नाही.

त्या दिवाळीनंतर मी शिक्षकांच्या खोलीत बसून इतर विषयांकडे याच दृष्टीने पाहू लागलो. गणिताचा विद्यार्थी चक्रवाढ व्याजाची उदाहरणे झरझर सोडवतो. पण घरी आलेला कर्जाचा कागद त्याच्यापुढे ठेवला तर त्यातले मुद्दल कोणते आणि व्याज कोणते हे त्याला उमगत नाही. भाषेचा विद्यार्थी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध पाठ म्हणून दाखवतो. पण नळाला पाणी येत नाही अशी तक्रार चार ओळींत लिहायची म्हटली तर वडिलांकडे पाहतो. विज्ञानाच्या प्रयोगाची वही गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली असते. उत्तर काय यायला हवे हे आधीच ठाऊक असल्याने प्रयोगाला चुकण्याची मुभाच नसते. म्हणजे हा एकट्या संगीतशिक्षकाचा दोष नव्हे. प्रत्येक तासाला कोणी ना कोणी मधल्या सुट्टीत तंबोरा जुळवून ठेवीत असतो.

आता ही गोष्ट आपल्या शहराला नवी असायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीच्या बाजूला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानात लागू केला, हे आपल्या घराघरांतून अभिमानाने सांगितले जाते. त्याआधी, १८८६ मध्ये, मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. तिच्याच परंपरेतले महाविद्यालय आज सूरसागराच्या काठी आहे. आणि १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. रंगाई, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे हाताने काम करून शिकवले जात. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याची तंत्रज्ञान शाखा झाले. दादासाहेब फाळके काही काळ याच कलाभवनाचे विद्यार्थी होते. ते येथे शिकत होते तेव्हा चलच्चित्र ही वस्तू लोकांसमोर आलेलीच नव्हती. १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तो धंदा शिकवणारा वर्ग कोठेच नव्हता. कलाभवनाने त्यांना सिनेमा शिकवला नाही. शिकवले ते चित्र काढणे, कॅमेरा हाताळणे, वस्तू घडवणे. उरलेले ते स्वतः धडपडून शिकले. जो धंदा अजून जन्माला यायचा आहे त्याची तयारी शाळा करून देऊ शकते, याचा याहून जवळचा दाखला मला ठाऊक नाही.

उलट दाखला माझ्याच घरात आहे. आमचे नाना दरबारी कलावंतांच्या शेवटच्या पिढीतले. संस्थानात गवय्ये-वादकांसाठी जे खाते होते, ज्याला कलावंत कारखाना म्हणत, त्यात ते सोळाव्या वर्षी लागले; काम काय, तर थोरांच्या मागे तंबोऱ्यावर बसायचे आणि सांगतील तेव्हा सूर भरायचा. जन्माची ददात मिटली असे सर्वांनी धरले. तीन वर्षांत, १९४९ साली, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि नानांच्या पायाखालचा आधार गेला. वय एकोणीस. दरबारात कसे बसावे, मुजरा कसा करावा, कोणत्या समारंभाला कोणती चीज, हे सारे शिकलेले एका दिवसात निरुपयोगी ठरले. उरले काय? कान, हात, आणि सूर लागेपर्यंत जागचे न उठण्याची सवय. त्या बळावर त्यांनी पुढची काही वर्षे लोकांच्या तंबोऱ्यांच्या जवाऱ्या काढल्या, सतारी दुरुस्त केल्या, सायकलवरून चार घरी शिकवण्या केल्या, आणि पुढे शाळेत पेटीमास्तर झाले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. नोकरी गेल्याची हळहळ त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकली. "पगार दरबारचा होता, कान माझा होता," एवढेच ते म्हणत.

नानांचे गुरुजी त्यांना तंबोरा लावून देत नसत. शिष्याने लावायचा, गुरुजी आतल्या खोलीत. बेसूर असला की आतून एकच शब्द येई, "पुन्हा." काय चुकले ते सांगत नसत. पण येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्याच गुरुजींच्या हातची छडीही नानांनी खाल्ली होती, आणि त्यांच्याबरोबर बसलेल्या मुलांपैकी निम्मी वर्षभरात पळून गेली होती. 'आमच्या वेळचे शिक्षण' म्हणून आपण जे आठवतो ते टिकलेल्यांचे असते. पळालेल्यांच्या आठवणी कोणी लिहीत नाही. तेव्हा जुन्या काळाकडे परत चला असे मी म्हणत नाही. छडी जावी, 'पुन्हा' राहावे, एवढेच माझे मागणे आहे.

देशातील शहाण्यांना हे सुचले नव्हते असेही नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींच्या नई तालीमचा विचार पुढे आला आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द दिला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस कारागिरांबरोबर घालवावेत असे म्हटले. आमच्या पिढीने शाळेत कार्यानुभव केला तो कसा, हे वाचकांना आठवत असेल: शनिवारी शेवटचा तास, खडूंची पेटी, आणि कागदाची फुले. आठवड्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा तास त्याला दिला गेला, आणि मुलांनी त्यावरून योग्य तो बोध घेतला. शिवाय मोठा घोटाळा असा झाला, की हाताचे काम म्हणजे अभ्यासात मागे पडणाऱ्यांसाठी असलेली सोय, हा समज आपण सुशिक्षितांनी घट्ट धरून ठेवला. 'त्याला डोके नाही, त्याला सुतारकामाला घाला,' हे वाक्य मी चांगल्या घरांतून ऐकले आहे. जणू सुताराला डोके लागत नाही!

हे काम नीट होऊ शकते याचे एक उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या कल्पनेतून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा एक अभ्यासक्रम तयार झाला. आठवड्यातला एक दिवस मुले वर्कशॉपचे काम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, आणि घर व आरोग्य या चार अंगांनी प्रत्यक्ष काम करतात. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी, की मुलांचे काम गावाच्या उपयोगी पडावे अशी त्यात योजना आहे. माती तपासायची तर कोणाच्या तरी शेताची. विजेची जोडणी करायची तर दिवा लागला पाहिजे. दिवा लागला नाही तर गुण कापण्याची गरज उरत नाही. मुलाला ते आधीच कळलेले असते. तंबोऱ्यातल्या गांधारासारखेच हे आहे.

मी माझ्या परीने काय केले ते सांगतो. गेली तीन वर्षे मी तंबोरा लावून ठेवत नाही. तासाची पहिली दहा मिनिटे एक मूल तो जुळवते, बाकीचे ऐकतात आणि 'चढला', 'उतरला' एवढेच सांगतात. दुसरे, प्रत्येकाला एक चुकांची वही दिली. गाऊन झाल्यावर मी बोलण्याआधी मुलाने आपली चूक लिहायची; मग मी माझी नोंद सांगतो, आणि दोन्ही ताडून पाहतो. सुरुवातीला मुले एकतर 'सर्व बरोबर' लिहीत किंवा 'सर्व चूक'. सहा महिन्यांनी 'अंतऱ्याला जाताना घाई झाली' अशा नोंदी येऊ लागल्या. तिसरे, नववीच्या मुलांनी सहावीच्यांना आठवड्यातून एकदा शिकवायचे. चौथे, स्नेहसंमेलनाचा जमाखर्च, मंडपवाल्याशी बोलणे आणि आभाराची पत्रे, हे सर्व मुलांकडे. पहिल्या वर्षी हिशेबात सव्वातीनशे रुपयांची तूट आली. ती मुलांनीच दोन संध्याकाळी बसून शोधली. मंडपवाल्याला एक रक्कम दोनदा दिली गेली होती. ती परत आणायलाही तीच गेली.

याची किंमत पडली नाही असे नाही. पहिल्या वर्षी माझे दोन राग शिकवायचे राहिले आणि परीक्षेत काही मुलांची श्रेणी उतरली. पालक भेटायला आले. एक गृहस्थ सात्त्विक संतापाने म्हणाले, "मास्तर, प्रवेशासाठी एकेका गुणावर मारामारी आहे. तुम्ही मुलाला खुंट्या पिळायला बसवता?" त्यांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. ज्या घरात शिष्यवृत्तीवरच पुढचे शिक्षण अवलंबून आहे तेथे गुण ही चैन नसते. तेव्हा परीक्षा गुंडाळून ठेवा असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी त्यांना एवढेच विचारले, की बारावीपर्यंत शाळा आहे, शिकवणी आहे, आपण आहात. पुढच्या सप्टेंबरात वसतिगृहातल्या खोलीत त्याच्या शेजारी कोण बसणार? ते काही बोलले नाहीत. मुलाला मात्र त्यांनी वर्गातून काढले नाही. दुसऱ्या वर्षी श्रेणी पुन्हा वर आली, कारण स्वतःची चूक ओळखणाऱ्या मुलाला नवा राग कमी वेळात बसतो.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १९१३ मध्ये आपल्या संस्थानाने डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, हे आपण सांगतो. १९१७ मध्ये ते संस्थानची नोकरी करण्यासाठी या शहरात आले तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही, ज्या पारशी पथिकाश्रमात उतरले होते तेथून बाहेर पडावे लागले, आणि येथील बागेत झाडाखाली बसण्याची वेळ त्यांच्यावर आली, हेही तितक्याच मोठ्याने सांगितले पाहिजे. त्यांच्या तयारीत कोणती उणीव होती? तयारी नव्हती ती शहराची. शाळेने मुलाला कितीही घडवले तरी दार उघडणे हे आतल्या माणसांचे काम असते, आणि ती माणसे म्हणजे आपणच. दुकान, कारखाना, कचेरी, छापखाना यांपैकी काही ज्यांच्या हाती आहे, अशांनी वर्षातून दोन मुलांना पंधरा दिवस आपल्याकडे काम पाहू दिले, आणि ती मुले ओळखीपाळखीची नसतील याची काळजी घेतली, तरी कितीतरी होईल.

तो विद्यार्थी यंदा सुट्टीत पुन्हा आला. मी नानांचा मिरजेचा तंबोरा त्याच्यासमोर ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. जोड लवकर लागली. खर्ज किंचित उतरलेला होता. उठून जावे असे दोनदा मनात आले; 'पुन्हा' म्हणावे असेही आले. दोन्ही आवरले. वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. मग मणी सरकल्याचा बारीक आवाज आला आणि तार जागेवर बसली. बाहेर आलो तेव्हा तो घामाघूम झाला होता. "सर, खर्ज उतरला होता ना?" त्याने विचारले. मी म्हटले, "तुला कळले ना? मग मला कशाला विचारतोस?"

आपल्या जुन्या घरांतून, माळ्यावर किंवा कपाटामागे, आजोबांच्या काळचा एखादा तंबोरा खोळीत उभा असतो. तंबोरा नसेल तर शिलाईयंत्र असेल, सुताराची पेटी असेल, हिशेबाची चोपडी असेल. या सुट्टीत ती वस्तू खाली काढावी, मुलाच्या हाती द्यावी, आणि आपण थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसावे. शाळा उघडली की मुलाच्या शिक्षकांना भेटून टक्क्यांबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: या वर्षी तुम्ही याच्याकडून असे काय करवून घेणार आहात, की जे तुम्ही जवळ नसताना त्याला करता येईल? आम्हा शिक्षकांना या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येणार नाही. मलाही वीस वर्षांत देता आले नव्हते. पण तो विचारला गेला पाहिजे.